मुक्या नारळाचं बाळंतपण

आमच्या सासूबाईंचा शिरवणे गावात जो काही दरारा होता तो एका माडामुळे होता. लोक म्हणायचे तिच्या जिभेमुळे, पण जीभ तर आमच्या आळीत प्रत्येकीलाच होती. तसा माड मात्र एकीकडेच होता.

घरामागे, विहिरीच्या अंगाला उभा असायचा. दिसायला चारचौघांसारखाच. पण त्याच्या घडात एखाददुसरा नारळ मुका निघायचा. मुका म्हणजे कसा, तर कानाशी धरून हलवा, पाण्याचा आवाज नाही. फोडला की आत पाणी नाहीच, कडेपर्यंत मऊ खोबरं भरलेलं, साईसारखं. चमच्यानं काढायचं, वर गूळ किसायचा, आणि मग कुणाशी बोलायचं नाही. मी लग्न होऊन आले त्या साली सासूबाईंनी मला अर्धी करवंटी हातात दिली आणि म्हणाल्या, "खा. आनि लक्षात ठेव कुनी दिला ते."

मुका नारळ कुणाला द्यायचा हे त्या ठरवायच्या. पोटुशी बाई असली तर तिला, आजारातून उठलेला असला तर त्याला, आणि भांडण मिटवायचं असलं तर त्या घरात. ज्या घरी दोन वर्षं मुका गेला नाही, त्या घरची माणसं आपणहून दारात यायची, "काकी, आमचं काय चुकलं का?" सासूबाई म्हणायच्या, "तुमचं तुमाला म्हाईत." त्यांना स्वतःलाही ते आठवत नसायचं, हे मला नंतर कळलं.

पण या नारळाची एक खोड होती. तो रुजत नसे. सासूबाईंनी राखेत ठेवून पाहिला, विहिरीच्या ओलाव्यात पुरून पाहिला. महिन्यानं उकरावा तर आत सगळा चिखल. त्याच माडाचे साधे नारळ मात्र सुरेख रुजायचे. तशी रोपं आळीत किती जणांनी नेली, पण कुणाच्या माडाला मुका लागला नाही. लागला असला तर त्यांनी सांगितलं नाही, आणि सासूबाईंना दाट संशय त्याचाच होता.

पुढे ऐंशीच्या आसपास नव्या शहराचे रस्ते आखायला माणसं आली. शेतं सरकारात गेलीच होती. त्याचं रडू सगळ्या गावाचं होतं, त्यात एकट्यानं काय रडायचं. पण रस्त्याची एक दोरी आमच्या विहिरीवरून गेली आणि माडाच्या बुंध्यावर लाल रंगाची फुली आली. पुढच्या उन्हाळ्यात काम सुरू होणार म्हणाले. सासूबाईंनी त्या मोजणीवाल्यांना ओटीवर बसवून त्या घडाचा मुका फोडून खायला घातला. त्यांनी करवंटी चाटूनपुसून साफ केली, "वा आजी" म्हणाले, आणि जाताना फुली पुसट वाटली म्हणून परत एकदा रंग दिला.

दरारा गेला तरी चालेल, असं सासूबाई वर वर म्हणायच्या. पण मला म्हणाल्या, "माड जाल तं जाल. त्याची जात जाल गो. मागं कोन नाय."

मी तेव्हा कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका कंपनीत बाटल्या धुवायला जात होते. केळीची आणि शोभेच्या झाडांची रोपं काचेच्या बाटल्यांत वाढवायची ती कंपनी. झाडाचा एवढासा तुकडा घ्यायचा, बाटलीतल्या जेलीवर ठेवायचा, आणि त्याचं रोप करायचं. मी शाळा पाहिलेली नाही. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत वाचत अक्षरओळख झाली. तिथे प्रयोगशाळेत एक मॅडम होत्या. मूळच्या मराठवाड्याच्या, अंगानं काडी, पांढरा कोट त्यांच्यावर वाळत घातल्यासारखा दिसायचा. त्यांना साहेबांनी माडाच्या जातीचं काम दिलं होतं आणि त्यांनी माड जवळून पाहिला होता तो नोकरीला इकडे आल्यावर.

"आमच्याकडं नारळ म्हणजे फोडायचा आणि प्रसाद वाटायचा," त्या म्हणायच्या. "तो झाडाला असतो हे पुस्तकात."

एकदा डब्याबरोबर मी फोडलेला मुका नारळ नेला. सासूबाईंच्या नकळत नाही बरं, त्यांच्या हुकमानं. मी नोकरीवर टिकावं म्हणून त्यांनी मॅडमना पाठवला होता. मॅडमनी दोन चमचे खाल्ले, डोळे मिटले, तिसऱ्याला उघडले.

"ताई, हा उगवत नाही ना?"

"नाही. कुजतो."

त्यांनी करवंटीच्या डोळ्याखाली चमच्याचं टोक घातलं आणि खोबऱ्यातून शेंगदाण्यापेक्षाही बारीक, पांढरा दाणा बाहेर काढला. मग जेवण तसंच टाकून उठल्या आणि त्या दाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अहो, गर्भ चांगला आहे! पोर धडधाकट आहे, आईचं दूध वाईट आहे. आतलं खोबरं त्याला खायला मिळत नाही, म्हणून मरतं. वेगळं काढून आपण खाऊ घातलं तर जगेल."

मी घरी येऊन हे सांगितलं. सासूबाईंना एवढंच ऐकू आलं की त्यांच्या माडाचं दूध वाईट आहे. दोन दिवस मॅडमच्या नावानं भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "किती नारल पायजेत इचार त्या बारकीला."

मग वर्षभर त्या माडाचा मुका कुणाच्या तोंडात गेला नाही. प्रत्येक नारळ सासूबाई कानाशी धरून हलवायच्या, मुका निघाला की पदरात गुंडाळून माझ्याकडे. आळीत अफवा उठली की मी मुके नारळ कंपनीतल्या साहेबाला पोचवते आणि बदल्यात आमच्या यांना तिथे चिकटवणार आहे. आमचे हे म्हणाले, "होईल का तसं?"

एके दिवशी सासूबाई स्वतःच कंपनीत आल्या. त्यांना बघायचंच होतं. दारात चपला काढायला लावल्या, हात कोपरापर्यंत धुवायला लावले, डोक्याला टोपी घातली, तोंडाला फडकं बांधलं. सासूबाई खूश. "बामनाच्या सोवल्याच्या वर हाय," म्हणाल्या. पण आतल्या खोलीत मॅडमनी काचेची नळी समोर धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. नळीत काळीकुट्ट जेली आणि तिच्यावर बसलेला तो पांढरा दाणा.

"ह्ये कालं काय हाय?"

"कोळशाची पूड आहे आजी. त्याच्या अंगातून घाण निघते, ती कोळसा शोषून घेतो."

"लेकराला कोलसा खायला घालता?"

"खायला साखर आहे. आपण कपभर चहात घालू त्याच्या कितीतरी पट."

"नुसती साखर? आनि मीठ?"

"क्षार आहेत थोडे."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचं माहेर जासईकडचं, मिठागरावरचं. मिठाशिवाय काही वाढतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. मॅडमला वाटलं आजी पुढच्या प्रश्नाच्या तयारीत आहेत. आजी प्रश्नाच्या नव्हे, निकालाच्या तयारीत होत्या.

त्या नळ्यांतल्या पोरांचे काय काय प्रकार झाले म्हणता! काहींना पांढरी बुरशी आली, ती पोरं गेली. एकाला नुसतं मूळ फुटलं, कोंब नाहीच. ते मूळ नळीत वरच्या दिशेनं चाललं होतं, जणू बूच उघडून पळणार. एकाला कोंब आला, मूळ नाही. आमच्या शेजारच्या भाच्यासारखा, रुबाब वरचा आणि खाली काही नाही. एक नुसतंच फुगून गोळा झालं आणि तसंच राहिलं. मॅडम म्हणायच्या, "बाहेर असतं तर ऊन, वारा, पाऊस त्याला सांगतात आता काय करायचं. इथं सांगणारी मी एकटी, आणि मला पण पहिल्यांदाच कळायलंय." शेवटी दोनच अशी निघाली की ज्यांना मूळही आलं आणि पानही.

आता तुम्हाला वाटेल झालं काम. खरी भीती तर पुढे होती. नळीत वाढलेलं पान दिसायला हिरवं असतं, पण त्याच्या अंगावर मेण नसतं. बाहेरच्या पानाला हवा कोरडी झाली की आपली बारीक छिद्रं मिटून घेता येतात. नळीतल्या पानाला तशी वेळच कधी आलेली नसते, आत सदा दमट. दारं सताड उघडी टाकून झोपायची सवय. आणि साखर आयती मिळालेली, म्हणून उन्हातून स्वतःचं अन्न करायचाही कंटाळा. मॅडमनी हे समजावलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे एकुलता एक मुलगा." आमचे हे तेव्हा तिथे नव्हते, नाहीतर सहा बहिणींत एकुलते एक तेच होते.

म्हणून रोप कुंडीत लावलं की त्यावर प्लास्टिकची पिशवी उपडी घालायची, आतून पाणी फवारायचं, आणि रोज थोडी थोडी पिशवी उघडायची. हळूहळू सवय. पहिलं रोप कंपनीच्या शेडमध्ये होतं. मॅडम जेवायला गेल्या आणि साहेबांनी पाहुण्यांना कौतुकानं दाखवायला पिशवी काढली. दाखवून झालं, चहा झाला, पाहुणे गेले; पिशवी कुणी घातली नाही. मॅडम परत आल्या तेव्हा पान ओल्या कागदासारखं कुंडीच्या काठावर लोंबत होतं. त्या कोटाच्या बाहीनं डोळे पुसत होत्या आणि साहेब म्हणत होते, "अजून एक आहे ना?"

त्या आठवड्यातच कंपनीनं ठरवलं की माडात पैसा नाही, केळीत आहे. माडाचं काम बंद. मॅडमनी उरलेलं एकुलतं रोप पिशवीसकट माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "इथं राहिलं तर कुणीतरी परत दाखवायला काढेल. आजींना द्या. त्यांनी किती मुलं वाढवली?"

"सात."

"मी एकही नाही," त्या म्हणाल्या. "त्यांनाच द्या."

तर ते रोप आमच्या घरी आलं आणि मग जे बाळंतपण झालं, तसं माझ्या एकाही मुलाचं झालं नाही. न्हाणीशेजारच्या कोपऱ्यात गोणपाटाचा पडदा लागला. वारा नको, ऊन नको, उंबऱ्याबाहेरचा माणूस नको. सकाळ-संध्याकाळ सासूबाई तोंडात पाणी धरून पिशवीत फुंकरीनं फवारा मारायच्या. मॅडमनी दिलेलं फवाऱ्याचं यंत्र खुंटीला. पाचव्या दिवशी पाचवी पुजली. बायका बघायला आल्या तर पडदा एवढासा सरकवून लगेच बंद. आणि नजर लागू नये म्हणून काजळाचं बोट लावायचं ते कुठे, तर रोपाला हात लावायचा नाही म्हणून पिशवीला.

मॅडम रविवारी बघायला आल्या. त्यांनी आधी काजळ बघितलं. मग पिशवीला आतून जमलेलं पाणी बघितलं, पानाला बोट लावून बघितलं, आणि म्हणाल्या, "आजी, कंपनीत असं कुणी केलं नव्हतं."

"तुमच्या आतल्या खोलीत बायका हायेत कुठं?" सासूबाई म्हणाल्या. "एक तू, ती पन कालची पोर."

"उद्यापासून पिशवीचं तोंड बोटभर उघडायचं हं. मग रोज थोडं."

"मना शिकवतंस? पोर पयल्यांदा अंगनात कवा काढायचा, म्हाईत हाय मना."

आणि खरंच माहीत होतं. रोज थोडं, मग जास्त, ढगाळ दिवशी पूर्ण. पिशवी निघाली. पान वाकलं नाही. काही आठवड्यांनी मधून एक नवीन पान आलं, बाहेरच्या हवेत जन्मलेलं, हाताला जरा खरखरीत, चकाकणारं. त्या दिवशी सासूबाईंनी मला हाक मारून दाखवलं आणि म्हणाल्या, "आता ह्यो आपला." मला हायसं वाटलं.

मार्च सरला आणि सासूबाईंचा भाऊ जासईहून नव्या मिठाची टोपली घेऊन आला. दर वर्षी यायचा. त्यातलं पहिलं ओंजळभर मीठ माडाच्या बुंध्याशी घालायचं, हा त्यांच्या माहेरचा रिवाज. खाडीकाठचा माड मिठानं खूश होतो, घड धरतो. लाल फुलीवाल्या माडाला त्या वर्षी घालून काय उपयोग होता? मी विचारलं नाही. माझं लक्षच नव्हतं. चारपाच दिवसांनी बघते तर रोपाच्या जुन्या पानाचं टोक विडीसारखं जळलेलं, आणि नव्याची कडही तपकिरी.

सासूबाई म्हणाल्या, "ऊन लागलं आसंल." पण सांगताना माझ्याकडे न बघता चुलीत फुंकत होत्या आणि चूल पेटलेली नव्हती. मी मॅडमकडे धावले.

मॅडम आल्या. कुंडीपुढे उकिडव्या बसल्या, मातीत बोट घातलं आणि ते बोट सरळ तोंडात. मग सासूबाईंकडे बघितलं. आमचे हे घाबरून ओटीवर जाऊन बसले.

"आजी, मीठ किती घातलं?"

"चिमूट."

मॅडमनी तेच बोट पुन्हा मातीत घातलं.

"मूठ," सासूबाई म्हणाल्या. आणि एकदम सुटल्याच. "मंग काय करू? जनमल्यापासून साखर चारलीस त्याला! गोड खाऊन वाढलेला माड कवा बघितलास? खाडीचा माड हाय ह्यो. मीठ नाय खाल्लं तं आपला कसा व्हनार?"

मला वाटलं आता मॅडम चिडणार. त्यांनी बोट पदराला पुसलं. "मिठाचं तुमचं खरं आहे, आजी. मोठ्या माडाला चालतं, पुस्तकातही आहे. पण तुमच्याकडं सुकट बाळाला कधी देतात?"

"दात आल्यावर."

"याला दात आलेत?"

सासूबाईंनी रोपाकडे बघितलं. मूळ ते केवढं, पान ते केवढं. म्हणाल्या, "नाय." आणि मग इतक्या हलक्या आवाजात, की मी तो आवाज त्यांचा म्हणून कधी ऐकला नव्हता, "मरल का गो ह्यो?"

"गोड पाणी ओतून माती धुवायची. वरून ओतायचं, खालून जाऊ द्यायचं. मीठ उतरलं तर जगेल."

गोड पाणी! एप्रिल महिना, आमची विहीर खारट, आणि गावाच्या नळाला सकाळी एवढीशी धार. मॅडमनी आमच्या यांच्याकडे बघितलं. हे कंपनीच्या नळावरून सायकलला दोन डबे लटकवून पाणी आणू लागले. रखवालदारानं विचारलं तर सांगायचे, "घरी बाळंतीण आहे." चौथ्या खेपेला रखवालदारानं अभिनंदन केलं आणि पेढे मागितले. यांना नाही म्हणता येईना; पेढे द्यावे लागले. घरात सासूबाईंनी स्वतःच्या प्यायच्या कळशीतलं पाणी कुंडीत ओतलं आणि मला म्हणाल्या, "मी चा पिते, मना पानी कशाला?" माती धुतली, पिशवी परत चढली, पडदा परत लागला. जुनं पान गेलं. नवं अर्धं गेलं. मधे हिरवा सुळका तेवढा होता, तो ना वाढत होता ना वाळत होता.

आणि त्याच दिवसांत माड तोडायला माणसं आली. दोर बांधले, आरडाओरडा झाला, सगळी आळी बघायला जमली. सासूबाई बाहेर आल्या नाहीत. पडद्याआड कुंडीशेजारी पाटावर बसून राहिल्या. माड पडला तेव्हा घरातली भांडी हलली. मी आत गेले. त्या पिशवीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "आवाज करू नको. आत्ताच जरा सरकलं हाय."

मी वाकून बघितलं. सुळका खरंच नखभर वर आला होता. आता तो त्याच वेळी सरकला की सकाळीच सरकलेला त्यांना तेव्हा दिसला, देव जाणे. पण त्यांनी बाहेर माड पडताना बघायचं सोडून तो बघितला, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पावसाळ्यात ते रोप घराच्या दुसऱ्या अंगाला, रस्त्याच्या दोरीपासून लांब लावलं. मॅडम नंतर दुसऱ्या नोकरीवर दूर गेल्या. जाताना त्यांनी एकच ताकीद दिली, आजूबाजूच्या साध्या माडांचे पराग आले तर काही नारळ साधे निघतील, आजींना आधीच सांगून ठेवा. मी सांगून ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "बघू."

तो माड धरायला सातआठ वर्षं गेली. तोवर ऐंशीचं दशक संपत आलं, शेजारी इमारती झाल्या, आणि सासूबाईंचे दोन्ही कान पार गेले. कानाशी ओरडलं तर जरा ऐकू यायचं, तेही त्यांना ऐकायचं असेल तर. पहिला घड उतरवला. आम्ही सगळे भोवती. सासूबाईंनी एक नारळ उचलला, कानाशी धरला, हलवला, आणि डोळे चमकले. "मुका!"

दुसरा उचलला. "मुका!" तिसरा. "मुका!"

तिसऱ्यातलं पाणी मला खळखळ ऐकू आलं. यांनाही आलं. हे तोंड उघडणार तोच मी त्यांच्या पायावर पाय ठेवला.

पहिला तिथेच फोडला. पाण्याचा थेंब नाही. आत कडेपर्यंत साय. सासूबाईंनी बोटानं थोडी काढली, जिभेवर ठेवली, आणि बराच वेळ चघळत राहिल्या, दात नव्हते तरी. मग पदर खोचला आणि वाटपाला बसल्या. हा त्या सुनेला, ती पोटुशी हाय. हा त्या वरच्या घरात, त्यांनी मागं येलीचं भांडन काढलं व्हतं, मिटवा. हा इमारतीतल्या नव्या बाईला, ओलख करू. मी नारळ पोचवत फिरत होते आणि प्रत्येक घरी हातात देताना हळूच हलवून बघत होते. निम्मे खळखळत होते. पण मी काय बोलणार? मुका म्हणून सासूबाईंनी दिलाय.

संध्याकाळी वरच्या घरची बाई आली. वेलीचं भांडण काढलेली तीच. ओटीवर बसली, सासूबाईंच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडली, "काकी! नारल मुका नव्हता! आत पानी निघालं!"

सासूबाईंनी तिच्याकडे शांतपणे बघितलं.

"मंग पी," म्हणाल्या. "आनि पुढच्या घडाला ये. बघू तवर तू कशी वागतंस."

ती बाई मान हलवत उठली. पुढच्या घडाच्या दिवशी सगळ्यात आधी तीच येऊन बसली होती.